सावकाश मेजरचा डावा हात

'सावकाश' हे नाव त्याला सातवीत पडलं, आणि ते ठेवलं गणिताच्या मास्तरांनी. सगळ्या वर्गाच्या वह्या टेबलावर जमा व्हायच्या आणि हा अजून तिसऱ्याच गणिताशी झटत बसलेला असायचा. "चालू द्या सावकाशराव. घंटेचं काय, आम्ही परत वाजवू," मास्तर म्हणायचे. वर्ग खिदळायचा. हा मान वर न करता गणित संपवायचा, उत्तराखाली दोन रेघा ओढायचा आणि वही नेऊन द्यायचा. उत्तर बरोबर असायचं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो सैन्यात गेला, मेजर झाला, छातीवर शौर्यपदक लागलं, तरी पाठीमागे सगळे त्याला सावकाश मेजरच म्हणत.

हा स्वभाव त्याला घरातूनच मिळाला होता. वडील दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी ऐन तरुणपणीच खाणीला देऊन टाकली होती आणि उरलेल्या आठांवर संसार ओढला होता. एकदा सुट्टीच्या दिवशी तो वडिलांचा डबा घेऊन खाणीवर गेला, तेव्हा पाच सुरुंग भरून झाले होते. धडाधड आवाज झाले, दगड उडाले, धूळ खाली बसली. मुकादम "चला, उचला" करत पुढे निघाला, तर वडिलांनी मागून त्याची कॉलर धरली.

"चारच वाजलेत. पाचवा आत आहे."

"अरे, दोन एकदम वाजले असतील! तिकडे गाड्या खोळंबल्यात."

"असतील वाजले. अर्धा तास बसा, मग जा."

"इथला मुकादम मी आहे का तू?"

"तुम्हीच. म्हणून नुसती कॉलर धरलीय. दुसऱ्या कुणाला खालीच पाडला असता."

बाविसाव्या मिनिटाला पाचवा वाजला. मुकादम जिथे पोचला असता तिथे बैलाएवढा दगड येऊन पडला. मुकादम मटकन खाली बसला आणि वडील डबा उघडून जेवायला लागले. पोराने त्या दिवशी एवढंच ध्यानात ठेवलं, की घाई माणसाला मारते, आणि ती घाई बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी असते.

सैन्यात जातो म्हणाला तेव्हा थोरल्या बहिणीला हसू आवरेना. "तू? लढाई संपल्यावर पोचशील!" अकादमीत धावण्याच्या शर्यतीत तो शेवटून तिसरा यायचा. दोर चढताना खालचे लोक वर बघून माना दुखवून घ्यायचे. पण बॉम्ब आणि भूसुरुंग निकामी करायचं शिक्षण सुरू झालं आणि चित्र पालटलं. जिथे बाकीचे घामाघूम व्हायचे, तिथे याचा श्वाससुद्धा वाढायचा नाही. शिकवणारे सुभेदार कडक होते, कुणाची स्तुती करायची सवय नव्हती. त्यांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "या कामात नंबर नसतो. संध्याकाळी जेवायला जो येतो तो पहिला. हा सावकाश रोज जेवायला येईल, असं मला वाटतं."

पदक मिळालं ती गोष्ट तो सव्वीस वर्षांचा, नुकताच कॅप्टन झालेला असतानाची. सरहद्दीजवळच्या एका माळावर अकरा जणांची गस्तीची तुकडी अडकली होती. माळावर जुने भूसुरुंग होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, नकाशेही होते. पण आदल्या वर्षीच्या पुराने माती वाहून गेली, सुरुंग जागचे हलले आणि नकाशे निव्वळ कागद उरले. सकाळी पुढे चालणाऱ्या शिपायाचा पाय पडला, स्फोट झाला आणि बाकीचे दहा जण जिथे होते तिथे खिळून उभे राहिले.

तो पोचला तेव्हा उन्हं वर आली होती. जखमी शिपाई कण्हत होता. शेजारच्याने आपला पट्टा फेकून त्याला मांडीशी आवळून बांधायला लावला होता. मधलं अंतर पंचावन्न मीटर. तो पोटावर आडवा झाला, हातात सळई घेतली आणि जमीन टोचत निघाला. सळई तिरकी खुपसायची, बोटाएवढ्या अंतरावर परत खुपसायची, काही कडक लागलं की थांबायचं, माती हाताने बाजूला करायची. मोकळ्या झालेल्या वाटेवर मागे पांढरी फीत टाकत जायचं. वायरलेसवरून वरिष्ठ दर दहा मिनिटांनी विचारत होते, "अजून किती वेळ?" चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याने वायरलेस बंद करून बाजूला ठेवला. त्याबद्दल नंतर त्याला बोलणीही खावी लागली.

तुकडीत त्याच्याच पलटणीचा एक तरुण नाईक होता. स्फोट झाला त्या क्षणी त्याचा एक पाय जमिनीवर आणि दुसरा एका दगडावर होता, आणि तसाच तो तीन तास उभा होता. मांडीत गोळे यायला लागले होते.

"साहेब, पाय सुटतोय," तो ओरडला. "मी उडी मारतो. जे व्हायचं ते होईल."

"उडी मारून कुठे जाणार?"

"घरी जातो साहेब!"

"जा की. पण मला आधी सांग, तुझ्या घराचं दार आत उघडतं का बाहेर?"

नाईक गोंधळला. "आत."

"आत गेल्यावर उजव्या हाताला काय आहे?"

नाईक सांगत गेला. खुंटी, खुंटीवर बापाची छत्री, पाण्याची टाकी, आईची शिलाई मशीन. कॅप्टन सळई टोचत राहिला आणि विचारत राहिला. माळ्यावर काय ठेवलंय, मशीनचं तोंड खिडकीकडे आहे का भिंतीकडे, जिन्याला पायऱ्या किती. पायऱ्यांची संख्या नाईकाला आठवेना. तो डोळे मिटून मोजायला लागला, आणि मोजता मोजता कॅप्टनचा हात त्याच्या घोट्याला लागला. "पोचलो," कॅप्टन म्हणाला. "आता पाय खाली ठेव. इथे. माझ्या हातावर."

पाच तास चाळीस मिनिटं लागली. वाटेत नऊ सुरुंग निघाले. जखमी शिपायाचा पाय गेला, जीव वाचला. अकराच्या अकरा माणसं त्या पांढऱ्या फितीवरून एकामागे एक बाहेर आली, जखमी शिपाई दुसऱ्याच्या पाठीवर. तो नाईक पुढे हवालदार झाला आणि त्याने खटपट करून कॅप्टनच्याच पथकात बदली मागून घेतली. "या माणसाच्या हाताला माझा पाय लागलाय," तो नव्या शिपायांना सांगायचा. "तो हात बुलडोझरखाली घातलात तरी हलायचा नाही."

लग्न झालं. बायको शाळेत भाषा शिकवायची, जिभेने तिखट आणि नजरेने त्याहून. मुलगी झाली. तो मेजर झाला. पंधरा वर्षांत त्याने सत्तरच्या वर जिवंत बॉम्ब निकामी केले. जुन्या युद्धातले गंजलेले, कुणी मुद्दाम पेरलेले, एक तर शेळ्या बांधायला खुंटा म्हणून वापरलेला. ठरलेली पद्धत होती: मेजर एकटा बॉम्बपाशी जाणार, हवालदार पंचवीस पावलांवर वाळूच्या पोत्यांआड टेलिफोनची तार धरून बसणार. मेजर करेल ती प्रत्येक हालचाल आधी तोंडाने सांगणार, हवालदार ती लिहून घेणार. म्हणजे काही बरंवाईट झालंच, तर पुढच्या माणसाला कळावं की कुठल्या पायरीवर चूक झाली.

एक्केचाळिसाव्या वर्षी, एका रविवारी, खुर्चीत बसून पेपर वाचताना कागद फडफडायला लागला. पंखा बंद होता. त्याने पाहिलं, तर डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, जणू गोळी वळतायत तसे, आपोआप हलत होते. त्याने हात मांडीखाली दाबला. थोड्या वेळाने थांबलं.

महिनाभराने परत तेच. मग आठवड्याला. मग रोज. हात रिकामा असला की हलायचा आणि कामाला लावला की थांबायचा. त्याने दुसऱ्या गावी जाऊन, साधे कपडे घालून, कारकून आहे असं सांगून एका डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी त्याला चालवलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं. आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "आत्ता काम करताना थांबतो, पण तो कायम थांबेल असं धरून चालू नका. तुमचं काम लिखाणाचं, म्हणून बरं. उजवा अजून धड आहे."

"हो," मेजर म्हणाला. "लिखाणाचंच."

तो गप्प राहिला. एक दिवस, एक महिना, बघता बघता दोन वर्षं. रोज स्वतःला सांगायचा, कामात थांबतो ना? मग झालं तर. गोळ्या घ्यायचा, बाटलीवरचा कागद फाडून टाकायचा. डावा हात खिशात ठेवायची सवय लागली. पथकातल्या पोरांना वाटलं, साहेब आताशा ऐटीत चालतात. पेपर हातात धरायचा सोडून तो टेबलावर पसरून वाचायला लागला.

बायकोने एक दिवस तो पेपरच उचलून घेतला.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"माझ्या वर्गात पन्नास मुलं असतात. मी फळ्याकडे तोंड करून असले तरी कोण काय लपवतंय हे मला पाठीला कळतं. हात दाखवा."

त्याने हात टेबलावर ठेवला. ती बघत राहिली. बोटं आपली गोळी वळत होती.

"हवालदार भावजींना माहितीये?"

"नाही."

"कर्नलसाहेबांना?"

"अगं, सांगितलं की त्याच दिवशी मला टेबलावर बसवतील. हात दाखवून अवलक्षण कशाला? कामात थांबतो तो."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, असं?" ती म्हणाली. "तुम्ही एकटे उडणार असता तर मी रडले असते नि गप्प बसले असते. पण पंचवीस पावलांवर कुणाचा तरी नवरा बसलेला असतो."

तो म्हणाला, या महिन्यात सांगतो. महिना गेला. तिने दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा नाही दिली. फक्त तो कामावर निघाला की ती दारापर्यंत यायची बंद झाली.

आणि मग रुग्णालयाचा बॉम्ब निघाला.

एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात नव्या इमारतीचा पाया खणत होते. पोकलेनचा दात कशावर तरी आपटला. पोकलेनवाला खाली उतरून बघतो, तर मातीतून लोखंडी शेपटी वर आलेली. तो इंजिन चालूच ठेवून जो निघाला, तो थेट फाटकाबाहेर जाऊन थांबला. जुन्या युद्धातला, विमानातून टाकलेला अडीचशे किलोचा बॉम्ब होता. तिथून अतिदक्षता विभागाची भिंत ऐंशी मीटरवर. सगळं रुग्णालय दुपारपर्यंत रिकामं केलं, पण चौदा रुग्ण यंत्रांवर होते, त्यांना हलवता येत नव्हतं. त्यांच्याजवळ सहा परिचारिका आणि एक वयस्क डॉक्टर थांबल्या. "यंत्रं काढली तर हे लोक आत्ताच जातील," डॉक्टर मेजरला म्हणाल्या. "तुमचा बॉम्ब निदान वाट तरी बघतोय."

मेजरने खड्ड्यात उतरून पाहणी केली. बॉम्बच्या शेपटीत फ्यूज होता, म्हणजे स्फोट घडवणारी कळ. पोकलेनच्या दणक्याने त्यातली पेन्सिलीएवढी पिन अर्धी बाहेर आली होती. ती परत आत सरकली की सगळं संपलं. एरवी दोरी बांधून लांबून फ्यूज फिरवायची सोय असते, पण बॉम्ब खड्ड्याच्या भिंतीत तिरका रुतलेला आणि पिन अशी लोंबकळत. एक हिसका बसला तरी आत गेली असती. उपाय एकच. डाव्या हातातल्या चिमट्याने पिन जागच्या जागी धरून ठेवायची आणि उजव्या हाताने चावी लावून फ्यूजचं कडं सोडवायचं. कड्याला अकरा फेरे. जागा इतकी अडचणीची, की हात बदलायला वाव नव्हता.

पथकात त्याच्या हाताखाली एक कॅप्टन होती. एकोणतीस वर्षांची, बोलण्यात तडक आणि चालण्यात धावती. शिपाई तिला आपसांत 'ताबडतोब' म्हणत, आणि पथकाला सावकाश-ताबडतोब आणि कंपनी. मेजरला तिची घाई आवडायची नाही. अवघड काम त्याने तिला कधी दिलं नव्हतं.

"सर, हे मी करू का?" तिने विचारलं. "मी अशा फ्यूजवर सराव केलाय."

"पुढच्या वेळी," मेजर म्हणाला आणि खड्ड्यात उतरला.

कानाला टेलिफोन, तोंडाशी माउथपीस. दुपारचे तीन वाजले होते. खड्ड्यात ओल्या मातीचा वास होता आणि वर कुठेतरी अतिदक्षता विभागाच्या जनरेटरची घरघर चालू होती.

"चिमटा लावतोय," तो म्हणाला.

"चिमटा लावला," हवालदाराने लिहून घेतलं.

"चावी लावली. पहिला फेरा."

"पहिला फेरा."

हात दगडासारखा स्थिर होता. त्याला वाटलं, बघ, उगाच घाबरत होतास. दुसरा फेरा झाला. तिसरा. गंजामुळे प्रत्येक फेऱ्याला दहा-दहा मिनिटं लागत होती आणि तेवढा वेळ डावा हात एकाच जागी, एकाच दाबाने धरून ठेवायचा होता. चौथ्या फेऱ्याच्या मध्यावर टेलिफोनमधून हवालदाराचा आवाज आला, एकदम बारीक.

"साहेब, थांबा. टिकटिक ऐकू येतेय."

मेजर थांबला.

"साहेब, आत घड्याळ आहे का? वेळेचा बॉम्ब आहे का? स्पष्ट येतेय. टिक-टिक-टिक. बाहेर या साहेब!"

मेजरलाही ऐकू येत होती. लोखंडावर लोखंड, हलकं, एका लयीत. त्याने खाली पाहिलं. चिमट्याचं टोक पिनेच्या कडेवर आपटत होतं. अंगठा आणि पहिलं बोट गोळी वळायला लागले होते.

त्याला सगळ्यात जड गेलं ते पुढचं वाक्य बोलणं.

"घड्याळ नाही," तो म्हणाला. "माझा हात आहे."

"काय म्हणालात साहेब?"

"माझा डावा हात हलतोय. आजार आहे. दोन वर्षं झाली. मी आता पिन सोडू शकत नाही, सोडली तर आत जाईल. धरूनही फार वेळ ठेवता येणार नाही. कॅप्टनला पाठव. आणि तू... तू मागे जा. फाटकापर्यंत जा."

दुसऱ्या मिनिटाला खड्ड्याच्या काठावर बूट दिसले. ताबडतोब खरंच ताबडतोब आली होती. पण शिडीवर पाय ठेवल्यावर ती एकेक पायरी अशी उतरली, की मातीचा खडासुद्धा सुटला नाही. तिने एकदाच त्याच्या हाताकडे पाहिलं, काहीही विचारलं नाही. गुडघ्यावर बसली, त्याच्या काखेखालून हात घातला आणि आपला चिमटा त्याच्या चिमट्याच्या खाली, पिनेवर आणून टेकवला.

"धरली?" त्याने विचारलं.

"थांबा." तिने श्वास सोडला. परत घेतला. "आता धरली. तुमचा काढा. वर उचला, बाजूला नको."

त्याने काढला. टिकटिक थांबली.

"सर, तुम्ही वर जा."

"मी इथे बसून सांगतो..."

"सर, इथे एकाच माणसाला जागा आहे."

तो वर आला. वाळूच्या पोत्यांआड गेला तर हवालदार तिथेच बसलेला, वही मांडीवर. फाटकाकडे गेला नव्हता. त्याने मेजरकडे बघितलं नाही. टेलिफोनचा दुसरा रिसीव्हर काढून त्याच्यापुढे सरकवला.

इतक्या वर्षांत मेजर त्या पोत्यांआड कधी बसला नव्हता. इथून काहीच दिसत नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलं. नुसता आवाज येतो. बाईचा श्वास येतो, चावीची करकर येते, आणि मधे मधे काहीच येत नाही, ते सगळ्यात भयंकर. पाचवा फेरा. सहावा. त्याचं सगळं अंग कान झालं होतं. सातव्यानंतर कडं अडकलं. तिने तेल सोडलं आणि थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अर्धा तास होत आला.

"अजून किती वेळ?" मेजरच्या तोंडून निघून गेलं.

"तेल मुरलं की," ती म्हणाली. "सर, बोलू नका."

हवालदाराने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं, हे मेजर पुढे कितीतरी दिवस आठवून बघत राहिला.

पावणेसहाला अकरावा फेरा पुरा झाला. "फ्यूज बाहेर आला," टेलिफोनवर ती म्हणाली, आणि मग बराच वेळ नुसतीच खोकत राहिली. अतिदक्षता विभागातल्या चौदांपैकी कुणालाही काही कळलं नाही. वयस्क डॉक्टर खिडकीशी येऊन पाहून गेल्या.

सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा हवालदाराने वही मिटली आणि मेजरसमोर येऊन उभा राहिला.

"दोन वर्षं म्हणालात."

"हो."

"दोन वर्षांत आपण चौदा बॉम्ब काढले. मी मोजलेत. चौदा वेळा मी इथे बसलो. मला दोन पोरं आहेत साहेब, तुम्हाला त्यांची नावं माहितीयेत." त्याचा आवाज चढला नाही. "तुम्ही मला विचारलं असतंत, तरी मी बसलो असतो. कदाचित बसलोच असतो. पण तुम्ही विचारलं नाहीत."

हवालदाराने सलाम केला, अगदी नियमाप्रमाणे, आणि निघून गेला. त्याच आठवड्यात त्याने दुसरीकडे बदली मागितली.

मेजर कर्नलसाहेबांकडे स्वतः गेला. चौकशी झाली. पदकामुळे पुष्कळांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. एक जण तर म्हणाला, त्या दिवशीचा थकवा होता असं लिहून द्या. मेजरने लिहून दिलं ते असं: आजाराचं निदान अमुक तारखेला झालं, मी ते लपवलं, माझ्या माणसांना धोक्यात घातलं. नोकरीच्या कागदांवर ठपका आला. बढती थांबली. कॅप्टनला शौर्यपदक मिळालं, तेव्हा समारंभात तो मागच्या रांगेत बसला होता आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले होते. बायको शेजारी होती.

त्याला प्रशिक्षण शाळेत शिकवायला पाठवलं. पहिल्या तासाला त्याने डावा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि रुग्णालयाची गोष्ट सांगितली. दोन वर्षांसकट. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, त्या दिवशी हात हलला नसता, तर तुम्ही सांगितलं असतं?"

कुणीतरी तिला गप्प बसायची खूण केली. मेजरने हात वर करून त्याला थांबवलं. त्याने विचार केला; नेहमीप्रमाणे वेळ घेतला.

"नाही," तो म्हणाला. "नसतं सांगितलं. पंधराव्यालाही गेलो असतो, सोळाव्यालाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. घाबरट माणसावर तुम्ही लक्ष ठेवालच. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास आहे, त्याचे हात आधी तपासा. माझेही."

सहा वर्षं त्याने शिकवलं. दर महिन्याला प्रत्येकाचे हात, डोळे आणि कान तपासायचे, शिकवणाऱ्यांसकट, हा नियम त्याच्या हट्टाने शाळेत आला. निवृत्त झाला तेव्हा उजवा हातही हलायला लागला होता आणि शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. लावताना बोलायची मात्र थांबायची नाही.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, दाराशी हवालदार उभा होता. केस पांढरे झालेले, हातात मुलाच्या लग्नाची पत्रिका. बायकोने त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि मुद्दाम आतल्या खोलीत निघून गेली. दोघं समोरासमोर बसले. हवालदार पत्रिकेचा कोपरा सरळ करत राहिला. रस्त्याचं बोलून झालं, गुडघेदुखीचं झालं, ताबडतोब आता कर्नल झाली त्याचं झालं.

"राग गेला का रे?" मेजरने विचारलं.

हवालदाराने प्रामाणिकपणे आठवून बघितल्यासारखं केलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "पण लग्नाला तुम्ही यायचंय. वहिनींना घेऊन. पुढच्या रांगेत जागा ठेवलीय."